एम-टू (इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-2) बॅकलॉगचा, म्हणजे राहिलेल्या विषयाचा क्लास, धनकवडी, पुणे : माझ्या भावाचं इयर वाचलं म्हणून लिहितेय

रेटिंग 5 पैकी 4. एक स्टार का कापला ते खाली सांगते.

आम्ही परभणीकडचे, भाऊ दहावीपर्यंत मराठी मिडियम, पुण्यात इंजिनिअरिंगला लागला तेव्हा घरात पेढे वाटले होते आणि पहिल्याच वर्षी एम-टू राहिला. पुणे विद्यापीठाच्या 2019 पॅटर्नमध्ये (अभ्यासक्रमात) इनसेम, म्हणजे सेमिस्टरमधली परीक्षा 30 ची आणि एंडसेम, म्हणजे शेवटची 70 ची, त्याला 9 आणि 16 पडले. डिसेंबरला परत दिला, परत गेला. सेकंड इयरला जाता आलं कारण त्यासाठी फर्स्ट इयरचे निम्मे क्रेडिट चालतात, पण थर्ड इयरला फर्स्ट इयर पूर्ण क्लिअर लागतं, म्हणजे मे-जूनचा अटेम्प्ट शेवटचा, नाहीतर इयर डाऊन, म्हणजे वर्ष वाया. आणि इयर डाऊन झालेली आमच्याकडची किती पोरं परत कॉलेजला गेलीच नाहीत हे मी डोळ्यांनी बघितलंय. एक वर्ष घरी बसलं की शेत, मग मोबाईलचं दुकान, मग लग्न.

जानेवारीत हा क्लास लावला, फी 4500, दोन हप्ते, संध्याकाळी 6 ते 8.

शिकवणं चांगलंच आहे. सर मराठीत समजावतात आणि पेपर इंग्लिशमध्ये सोडवून घेतात, हे फार महत्त्वाचं कारण माझ्या भावाला गणित येत नव्हतं असं नाही, सॉलिड जॉमेट्रीचा प्रश्न वाचून नक्की काय काढायचंय तेच त्याला कळायचं नाही. कर्व्ह ट्रेसिंग (समीकरणावरून वक्र काढणं) तर फळ्यावर प्रत्येकाला उभं करून काढायला लावतात, आधी सिमेट्री बघ, मग ओरिजिनमधून जातो का बघ, मग टँजंट. कार्डिऑइड (बदामासारखा वक्र) काढताना ह्याचा हात थरथरत होता म्हणे, सर म्हणाले पूस, परत काढ, घाई नाही. तिसऱ्यांदा जमला. त्या दिवशी रात्री त्याने मला वहीचा फोटो पाठवला, दोन वर्षांत पहिल्यांदा.

पण मी हे लिहितेय ते दुसऱ्याच कारणासाठी. ॲडमिशनला सरांनी वडिलांचा नाही, घरातलं ज्याच्याशी हा मोकळं बोलतो त्याचा नंबर मागितला आणि रजिस्टरमध्ये नावासमोर लिहून ठेवला. मार्चमध्ये सलग दोन दिवस हा गेला नाही, तर दुसऱ्याच दिवशी सव्वासातला मला फोन, "ताई, पोरगं दोन दिवस आलं नाही, जरा बघता का." मी फोन केला तर हा रूमवर बॅग भरून बसलेला. मेसचे पैसे थकले होते, दुसरा हप्ता द्यायचा होता, घरी सांगायची लाज वाटत होती. सरांना कळवलं तर म्हणाले हप्त्याचं नंतर बघू, उद्या सहाला पाठवा. एवढंच. तो गेला.

आता सांगा, कॉलेजात पण मेंटर, म्हणजे पोरांकडे लक्ष ठेवायला नेमलेला शिक्षक असतो, नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फाइलीत मेंटर-मेंटीचं प्रमाण भरायचं असतंच. त्याच्या कॉलेजात सेमिस्टरला एकदा फॉर्मवर सही, झालं. पोरगं गैरहजर का, हे दोन दिवसांत विचारलं असतं तर डिसेंबरचा अटेम्प्ट वाया गेला नसता असं मला मनापासून वाटतं. विद्यापीठांना जर खरंच पोरं टिकवायची असतील, डिग्री पूर्ण करायला लावायची असेल, तर हे असलं रजिस्टर लागतं, आणि फोन करणारा माणूस लागतो. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर लागतात ते तर आहेच.

स्टार का कापला: बॅचमध्ये 60-65 पोरं, एकच खोली, मागच्या ओळीला फळा नीट दिसत नाही, मे महिन्यात दोनच पंखे. मल्टिपल इंटिग्रल हा धडा शेवटच्या आठवड्यात उरकला, त्याला अजून चार दिवस द्यायला हवे होते. पोरींसाठी वॉशरूम खालच्या मजल्यावर आहे, त्याची चावी मागावी लागते, हे बदला प्लीज.

जूनचा पेपर झाला, एम-टू निघाला, 100 पैकी 47. आता थर्ड इयरला आहे.

लावणार असाल तर जानेवारीतच लावा, एप्रिलची क्रॅश बॅच कच्च्या पोरांना पुरत नाही. आणि पावणेसहाला पोचा, पुढच्या दोन ओळी तेवढ्यात भरतात.