जर्मनी, दुबई की स्पेन? परदेशात स्वतंत्र सल्लागार व्हायचं असेल तर

नोकरी सोडून परदेशात स्वतंत्र सल्लागार म्हणून जायचं ठरत आलं की बहुतेक जण आधी कराचा हिशेब मांडतात. दुबईत शून्य, जर्मनीत ४५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे दुबईच. माझं म्हणणं आहे, आधी तुमचं बिल भरणारा क्लायंट कुठे बसलाय ते बघा. परवाना त्यावर ठरतो, कराचं नंतर बघता येतं.

बिझनेस व्हिसाचा विचार मात्र डोक्यातून काढून टाका. तो मीटिंग, वाटाघाटी, प्रदर्शन यांच्यापुरता असतो. त्यावर जाऊन क्लायंटच्या ऑफिसात तीन आठवडे काम केलं आणि त्याचे पैसे लावले, तर ते बेकायदा काम ठरू शकतं. एकदा तशी नोंद झाली की पुढचे सगळे अर्ज अडतात.

क्लायंट जर्मन असतील तर जर्मनीची वाट चांगली आहे, पण कागदपत्रं भरपूर. तिथल्या निवास कायद्याच्या कलम २१ मध्ये स्वतंत्र काम करणाऱ्या परदेशी माणसाची सोय आहे, आणि त्यात दोन दारं आहेत: फ्रायबेरुफ्लर, म्हणजे इंजिनिअर, आर्किटेक्ट, अनुवादक, व्यवसाय सल्लागार असे व्यावसायिक, आणि गेवेर्बे, म्हणजे धंदा. पहिल्या दारातून गेलात तर धंद्यावरचा स्थानिक कर लागत नाही आणि नोंदणी कर कार्यालयातच होते. आयटीवाल्यांचं घोंगडं नेमकं इथे भिजत पडतं. शिक्षण आणि काम इंजिनिअरच्या तोडीचं आहे हे पटलं तर फ्रायबेरुफ्लर, नाहीतर धंदा. धंद्याच्या अर्जात तुमच्या कामाची त्या भागाला गरज आहे का, भांडवल कुठून येणार, हेही तपासतात. म्हणून पदवीची कागदपत्रं आणि केलेल्या प्रकल्पांचं नीट वर्णन आधीच तयार ठेवा.

क्लायंटची पत्रंही नेमकी हवीत. ‘यांच्याबरोबर काम करायला आवडेल’ असं मोघम पत्र फारसं उपयोगी पडत नाही. काम कोणतं, किती दिवस, दर काय, हे लिहिलेलं हवं. आरोग्य विमा लागतोच आणि वय ४५ च्या वर असेल तर म्हातारपणाची तरतूदही दाखवावी लागते. ‘बर्लिनला जा आणि तिथे अर्ज करा’ हा सल्ला वाचलात तर तो अमेरिकन किंवा जपानी पासपोर्टवाल्यांसाठी आहे हे लक्षात घ्या. भारतीय पासपोर्टवर व्हिसा इथूनच काढून जावं लागतं. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातात.

एकाच क्लायंटवर विसंबून तर मुळीच जाऊ नका. त्याच्याच ऑफिसात, त्याच्याच वेळेत, त्याच्याच हुकमाखाली काम करत राहिलात तर जर्मन कायदा तुम्हाला नावापुरता स्वतंत्र, प्रत्यक्षात नोकर समजू शकतो. मग सामाजिक विम्याची थकबाकी क्लायंटवर येते, आणि त्या धास्तीने कंपन्या परदेशी सल्लागाराला घ्यायला कचरतात. दोन-तीन क्लायंट असले की तुम्हीही निर्धास्त आणि तेही.

दुबईचं सगळं भराभर होतं. फ्री झोनचा, म्हणजे धंद्यासाठी वेगळे नियम असलेल्या भागाचा, फ्रीलान्स परवाना माध्यम, शिक्षण, तंत्रज्ञान, डिझाइन अशा ठरावीक कामांना मिळतो आणि परवान्यावर जे काम लिहिलंय तेच करायचं. दुबईतल्या एका प्रमुख योजनेत परवान्याचं वार्षिक शुल्क ७,५०० दिरहम आहे. व्हिसा, वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी यांचा खर्च वेगळा. ५ वर्षांच्या ग्रीन व्हिसासाठी, म्हणजे मालकाच्या आधाराशिवाय मिळणाऱ्या निवास व्हिसासाठी, पदवी किंवा विशेष पदविका हवी, शिवाय मागच्या दोन वर्षांत स्वतंत्र कामातून वर्षाला किमान ३,६०,००० दिरहम मिळाल्याचा किंवा पुरेशी आर्थिक ऐपत असल्याचा पुरावा. रिमोट वर्कचा एक वर्षाचा व्हिसा फक्त बाहेरच्या देशातल्या कामासाठी आहे, त्यावर तिथल्या कंपनीला बिल लावता येत नाही. ही चूक बरेच जण करतात.

आणि ते ‘शून्य’ही अर्धवट आहे. एका कॅलेंडर वर्षात उलाढाल १० लाख दिरहमवर गेली की स्वतंत्र व्यावसायिकही कॉर्पोरेट कराच्या कक्षेत येतो, आणि ३,७५,००० दिरहमवरच्या नफ्यावर ९ टक्के कर लागतो. भारतात तुमचं उत्पन्न १५ लाख रुपयांच्या वर असेल आणि तुम्ही दुसऱ्या कुठल्याच देशात कर देण्यास पात्र नसाल, तर भारतीय नागरिक म्हणून इथला कायदा तुम्हाला रहिवासी मानतो, भले मर्यादित अर्थाने. जाण्याआधी सीएला हा एक प्रश्न जरूर विचारा. शिवाय नेहमीच्या व्हिसावर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर तो रद्द होतो. कायमचं स्थायिक व्हायचं असेल तर मला दुबई पटत नाही. पाच-सात वर्षं कमावून परतायचं असेल तर उत्तम.

स्पेनचा डिजिटल नोमॅड व्हिसा, म्हणजे तिथे राहून बाहेरच्या देशातलं काम करणाऱ्यांचा व्हिसा, २०२२ च्या स्टार्टअप कायद्यातून आला. क्लायंट अमेरिका-इंग्लंडमधले असतील, तर तो सोयीचा. स्पॅनिश क्लायंटचं काम मात्र एकूण कामाच्या २० टक्क्यांच्या आतच ठेवावं लागतं. ज्याला स्पेनमध्येच धंदा वाढवायचाय त्याने या वाटेला जाऊ नये.

गोव्यातल्या काही कुटुंबांना हा सगळा खटाटोप लागतच नाही. १९६१ पूर्वीच्या नोंदींवरून पोर्तुगीज नागरिकत्व मिळालं की युरोपीय संघात कुठेही काम करता येतं. पण भारतीय नागरिकत्व जातं, म्हणून घरी नीट बोलून ठरवा.

तिन्हींपैकी काहीही निवडा, निघण्याआधी बँकेत जाऊन साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यायला विसरू नका.