एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा कोर्स: हजार रुपयांत काय मिळतं, काय निसटतं

जुलै जवळ आला की पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो: एनपीटीईएलला, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सेसच्या पोर्टलवर, सोपा कोर्स कोणता? त्याआधी विचारायला हवं की या कोर्सचे मार्क नेमके कसे मोजतात. शिकवणं चांगलं आहे, परीक्षा खरी आहे, आणि नियमांच्या बाबतीत पोर्टलला दयामाया नाही. हे तिन्ही माहीत असेल तर हजार रुपये वसूल होतात.

थोडी पार्श्वभूमी. सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी २००३ साली व्हिडिओ व्याख्यानांचा हा प्रकल्प सुरू केला, प्रमाणपत्राचे कोर्स २०१४ पासून आले आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयम्'चा, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सेसच्या व्यासपीठाचा, तो भाग झाला. कोर्स चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात. क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, अनुक्रमे एक, दोन, तीन. नाव नोंदवणं, व्हिडिओ पाहणं, असाइनमेंट देणं फुकट. पैसे फक्त परीक्षेचे, एका कोर्सला १००० रुपये.

आता मार्कांचं गणित, कारण सगळी मेख तिथे आहे. असाइनमेंटला २५, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. बारा आठवड्यांच्या कोर्सला उत्तम आठ असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्सला उत्तम सहा, चारच्या कोर्सला उत्तम तीन. पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० हवेत, दोन्ही स्वतंत्रपणे. बेरीज कितीही झाली तरी एका बाजूला कमी पडलात की प्रमाणपत्र नाही. टेलिग्रामवर फिरणारी उत्तरं टिपून असाइनमेंटला २३.७५ मिळवले आणि परीक्षेत शंभरपैकी ३९ पडले, तर त्याचे ७५ वर २९.२५ होतात. बेरीज ५३. निकाल: नापास. उलट ज्यानं स्वतः डोकं लावून असाइनमेंटला जेमतेम १५ मिळवले आणि परीक्षेत शंभरपैकी ६० काढले, त्याचे १५ अधिक ४५ म्हणजे बरोबर ६०, आणि प्रमाणपत्रावर 'एलिट'. ७५ पासून पुढे 'एलिट सिल्व्हर', ९० पासून पुढे 'एलिट गोल्ड'. गोल्ड हवं असेल तर असाइनमेंट पूर्ण २५ असूनही परीक्षेत शंभरपैकी ८७ लागतात. असाइनमेंट २० वर आली तर थेट ९४. तेव्हा गोल्डचा मनसुबा असेल तर पहिल्या आठवड्यापासून.

'उत्तम आठ' हा नियम पुण्यातल्या पोरांसाठीच केलाय की काय असं वाटावं. जुलैचा कोर्स मध्यावर येतो तेव्हा गणपती असतात. पथकात ढोल घेतलेल्यांची संध्याकाळ सरावात जाते, विसर्जनाच्या दिवशी पेठांतले रस्ते बंद असतात. चार असाइनमेंट सोडायची मुभा तिथे कामी येते. मात्र सोडायची ती असाइनमेंट. त्या आठवड्याचा अभ्यासक्रम परीक्षेला असतोच. गणपतीत बुडालेले सहावा-सातवा आठवडे ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत भरून काढायचे आहेत हे कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा.

आठवड्याचा हिशोब असा: साधारण अडीच तासांचे व्हिडिओ, बहुधा अर्ध्या अर्ध्या तासाचे पाच भाग. वही-पेन घेऊन बसलं तर त्याला पाच तास लागतात. असाइनमेंटची मुदत साधारणपणे पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी रात्री ११:५९. (पुण्यात बरेचदा गुरुवारी पाणी नसतं म्हणून बुधवारी रात्री पिंप भरायचं असतं, त्याच यादीत हेही लिहा.) मुदतीपर्यंत कितीही वेळा उत्तरं बदलून सबमिट करता येतात, शेवटचं सबमिशन धरलं जातं. म्हणून मंगळवारी अर्धवट का होईना, एकदा सबमिट करून टाकावं. उत्तरं निवडली पण बटण दाबलं नाही, तर पोर्टलच्या लेखी तुम्ही काहीच दिलेलं नाही. मुदत संपल्यावर उत्तरं आणि त्यांची कारणमीमांसा येते. ती पीडीएफ उतरवून ठेवा, परीक्षेच्या तयारीला याहून चांगलं साहित्य नाही. अप्पा बळवंत चौकातलं गाईड शेवटच्या रात्री वाचून पेपर काढायची सवय इथे चालत नाही, कारण प्रश्न बरेचदा एका व्याख्यानातल्या एका उदाहरणावर बेतलेला असतो.

प्रोग्रॅमिंगच्या कोर्सचा मामला वेगळा. तिथे कोड ऑनलाइन तपासला जातो, आणि दिसणाऱ्या टेस्ट केसशिवाय (म्हणजे कोड तपासायला दिलेल्या नमुना इनपुटांशिवाय) लपवलेल्याही असतात. दिसणाऱ्या सगळ्या पास होऊनही मार्क शून्याच्या आसपास आले, तर आधी आउटपुटच्या शेवटचा जास्तीचा स्पेस किंवा नवी ओळ बघा, मग रिकामी यादी किंवा शून्य असा इनपुट देऊन बघा. गुणांची विभागणीही या कोर्सेसना निराळी असू शकते. कोर्सच्या पहिल्या पानावर ती दिलेली असते.

शिकवण्याचा दर्जा कोर्सगणिक बदलतो आणि यावर सरसकट मत देणं अन्यायाचं. पायथनमधून डेटा स्ट्रक्चर शिकायचं असेल तर माधवन मुकुंद यांचा आठ आठवड्यांचा कोर्स डोळे मिटून घ्यावा: बोलणं सावकाश, उदाहरण छोटं, एक पायरीही गाळलेली नाही. बलरामन रवींद्रन यांचा मशीन लर्निंगचा बारा आठवड्यांचा कोर्स मात्र संभाव्यता आणि रेषीय बीजगणित कच्चं असेल तर तिसऱ्या आठवड्यातच जड जातो. त्याआधी गणिताचा एखादा कोर्स करून मग तिकडे वळावं. जुन्या वर्गातली चित्रीकरणं पुन्हा वापरलेले काही कोर्स आहेत. त्यात फळ्यावरचं अक्षर दिसत नाही, आवाज घुमतो. नोंदणीआधी दुसऱ्या आणि आठव्या आठवड्याचं एकेक व्याख्यान यूट्यूबवर पाहा. पहिलं पाहू नका, पहिलं सगळ्यांचंच छान असतं.

मराठी माध्यमातून किंवा डिप्लोमा करून आलेल्यांसाठी: बऱ्याच कोर्सेसच्या व्याख्यानांची मराठी लिखित प्रत पीडीएफमध्ये मिळते. पारिभाषिक शब्द तिथे अवघडल्यासारखे येतात, त्यामुळे फक्त तीच वाचून भागणार नाही, पण इंग्रजी व्याख्यानाशेजारी उघडून ठेवली तर अडलेलं वाक्य सुटतं. पेठेतल्या अभ्यासिकेत बसून पाहणार असाल तर व्हिडिओ घरूनच उतरवून न्या. सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' मराठी आवाजातही आहेत, छोटे आणि नेमके.

सगळ्यात महागात पडते ती क्रेडिटची बाब. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे मार्कशीटवर क्रेडिट आलं, असं होत नाही. २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार एका सत्रातल्या कोर्सेसपैकी ४० टक्क्यांपर्यंत 'स्वयम्'वरून घेता येतात. पण कोणता कोर्स कोणत्या विषयाच्या जागी चालेल हे तुमची संस्था ठरवते. नोंदणीच्या आधीच विभागाकडून लेखी मान्यता घ्या. प्रोफाइलमध्ये कॉलेजचं नाव यादीतूनच निवडा. हातानं टंकलं, तर कॉलेजच्या समन्वयकाला, म्हणजे एसपीओसीला, येणाऱ्या यादीत तुम्ही दिसणार नाही. आणि जो कोर्स मानवविद्या किंवा वाणिज्याचा आहे, तो एनपीटीईएलचाच असेल असं धरून चालू नका. 'स्वयम्'वर इतर संस्थांचेही कोर्स आहेत, त्यांची परीक्षा एनटीए, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा संस्था, घेते आणि तिथे असाइनमेंट आणि परीक्षेची वाटणी ३०-७० अशी आहे.

परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, कोर्सला नाव नोंदवलं की झालं असं नाही. ज्या ईमेलवरून असाइनमेंट दिल्या तोच ईमेल फॉर्ममध्ये हवा. कॉलेजचा ईमेल इकडे आणि जीमेल तिकडे असं झालं की असाइनमेंटचे मार्क परीक्षेला जोडले जात नाहीत. नाव जसं भराल तसंच प्रमाणपत्रावर छापलं जातं, तेव्हा ते ओळखपत्राशी अक्षरनअक्षर जुळवा. केंद्रासाठी शहर निवडता येतं, इमारत नाही. केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाघोलीला आलं आणि सकाळचं सत्र असेल, तर कोथरूडहून पीएमपीच्या बसच्या भरवशावर निघू नका. मूळ ओळखपत्र लागतं, मोबाइलमधला फोटो चालत नाही.

परीक्षेला गेलाच नाहीत किंवा नापास झालात, तर फेरपरीक्षेची वेगळी सोय नाही. तोच कोर्स पुन्हा लागेल तेव्हा नव्यानं नाव नोंदवायचं, असाइनमेंट पुन्हा द्यायच्या, हजार रुपये पुन्हा भरायचे. आणि प्रत्येक कोर्स दर सत्राला लागतोच असं नाही, म्हणून शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या सत्रावर तीन क्रेडिट टाकून ठेवू नयेत.