खुरटलेली पालेभाजी : खत द्यावे, पाणी बदलावे, की भाजीच बदलावी?

सोलापुरात अंगणात किंवा गच्चीवर मेथी, पालक, कोथिंबीर लावणाऱ्यांची तक्रार बहुधा सारखीच असते. बी चांगले उगवते, दोन-चार पाने फुटतात आणि मग वाढ अडकते. महिना उलटला तरी पेंडी बांधण्याजोगी भाजी हाती येत नाही. अशा वेळी पहिला हात खताच्या पिशवीकडे जातो. माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्या भागात खताचा विचार सर्वांत शेवटी करावा, कारण येथील काळी, चुनखडीयुक्त माती, बोअरचे जड पाणी आणि कडक ऊन या तिन्हींमुळेही भाजी तशीच खुरटते आणि दुरून पाहिले तर ती उपाशी भाजीसारखीच दिसते. उपाय मात्र परस्परविरुद्ध आहेत. भुकेल्या रोपाला खत मिळाले की ते आठवड्याभरात तरारते. क्षाराने पिडलेल्या रोपाला दिलेले रासायनिक खत म्हणजे त्याच मातीत आणखी क्षार.

म्हणून निवड करण्यापूर्वी रोप जवळून पाहावे. नत्र कमी पडले असेल, तर खालची, जुनी पाने आधी एकसारखी पिवळी पडतात, कारण रोप त्या पानांतील नत्र काढून शेंड्याकडे पाठवते. लोह कमी पडले असेल, तर उलटे घडते : खालची पाने हिरवी राहतात आणि नवीन पाने पिवळी पडतात, पण त्यांच्या शिरा हिरव्याच असतात. चुनखडीच्या मातीत लोह असूनही ते मुळांना उचलता येत नाही, त्यामुळे हे लक्षण आपल्याकडे नवे नाही. क्षार जास्त झाले असतील, तर पाने पिवळी पडण्याऐवजी लहान आणि गडद, किंचित निळसर हिरवी होतात, त्यांची टोके व कडा करपतात आणि मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी साय धरते.

यानंतर एक रोप मुळासकट उपटून, पाण्यात हलवून धुवावे. मुळांवर गाठी दिसल्या तर घाबरून जाण्याआधी भाजी कोणती आहे हे लक्षात घ्यावे. मेथीच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असतातच. त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने सहज निघतात आणि फोडल्यावर आत गुलाबी दिसतात. पालकाची किंवा माठाची मुळे मात्र जागोजागी सुजलेली असतील आणि ती सूज मुळापासून वेगळी निघत नसेल, तर तो सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींचा, उपद्रव आहे. तेथे खत आणि पाणी या दोन्हींचा विचार बाजूला ठेवून वाफा बदलावा, जुन्या जागी निंबोळी पेंड मिसळावी आणि एक हंगाम झेंडू लावावा.

आता उपायांची तुलना करू. खतांत घरगुती बागेपुढे मुख्यतः दोन पर्याय असतात : युरिया, आणि शेणखत किंवा गांडूळखत. युरियात 46 टक्के नत्र असते, तर चांगल्या गांडूळखतात एक-दीड टक्क्याच्या आसपास, त्यामुळे परिणामाच्या वेगात युरिया पुढे राहणार हे उघड आहे. परंतु चुनखडीच्या मातीवर तो नुसता भुरभुरला, तर त्यातील बराचसा नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जातो. द्यायचाच असेल तर एका चौरस मीटरला पाच ग्रॅमपेक्षा जास्त नको. तोही ओल्या मातीत मिसळून वर लगेच पाणी द्यावे. गांडूळखत हळू लागू पडते, पण ते माती भुसभुशीत करते आणि ओल धरून ठेवते. काळ्या मातीच्या वाफ्याला या दोन गोष्टी नत्राइतक्याच हव्या असतात. नव्याने बाग करणाऱ्याने गांडूळखत निवडावे आणि युरियाचा विचार खालची पाने पिवळी दिसली तरच करावा. मेथी स्वतःच नत्र मिळवते, त्यामुळे तिला युरियाची गरज क्वचितच पडते. शेणखत मात्र पूर्ण कुजलेले हवे. अर्धकच्चे शेण, उसाचे पाचट किंवा लाकडाचा भुसा मातीत घातला, तर तो कुजताना मातीतील नत्र काही काळ अडवून ठेवतो आणि खत घालूनही भाजी पिवळी का, असा प्रश्न पडतो. चुलीची राख आपल्याकडे टाळलेलीच बरी, कारण आधीच अल्कधर्मी असलेल्या मातीचा सामू (पीएच) ती आणखी वाढवते.

पाण्याचा प्रश्न मला खतापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो. शहरात नळाला पाणी रोज येत नाही, ते साठवून पुरवावे लागते आणि साहजिकच बागेच्या वाट्याला बोअरचे पाणी येते. पाण्यातील विरघळलेले क्षार मोजणारे छोटे टीडीएस मीटर बाजारात मिळते. ते शेजाऱ्यांत मिळून एक घेतले तरी पुरते. सिंचनाच्या पाण्यात लिटरला 450 मिलिग्रॅमपर्यंत क्षार असतील, तर काळजीचे कारण नसते. तेथून 2000 पर्यंत जपून वापरावे लागते आणि त्याच्या पुढचे पाणी पालेभाजीला देऊ नये. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत ते कुंड्यांना घातले जाते. त्यामागची काटकसर योग्य आहे, पण मूळ पाण्यातील क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. बोअरवर चालणाऱ्या यंत्राचे हे पाणी फरशी पुसायला वापरावे आणि कोथिंबिरीपासून दूर ठेवावे.

नळाचे आणि बोअरचे पाणी दोन्ही मिळत असेल, तर ते कसेही मिसळून देण्यापेक्षा उगवणीपासून पहिले तीन आठवडे नळाचे द्यावे, कारण कोवळ्या रोपाला क्षार अधिक बाधतात. केवळ बोअरचेच पाणी असेल, तर रोज शिंपडा मारण्याची सवय सोडावी. थोडे-थोडे पाणी वरच्या थरातून उडून जाते आणि क्षार तेथेच राहतात. त्यापेक्षा अंतराने भरपूर पाणी देऊन ते मुळांच्या खाली जाऊ द्यावे. मात्र यासाठी निचरा हवा. वाफ्याशेजारी हातभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा. अर्धा दिवस उलटूनही पाणी तसेच राहिले, तर जादा पाण्याने क्षार धुतले जाणार नाहीत, मुळे मात्र कुजतील. अशा जागी गादीवाफा, म्हणजे माती चढवून उंच केलेला वाफा, करणे किंवा कुंडीकडे वळणे हेच दोन मार्ग उरतात.

जमीन की कुंडी, या निवडीत कुंडीची बाजू अनेकांना आपोआप बळकट वाटते, कारण माती आपल्या मनासारखी भरता येते. पण पाणी तेच राहिले तर माती कमी असल्यामुळे कुंडीत किंवा ग्रो बॅगमध्ये क्षार जमिनीपेक्षा लवकर साठतात. तिचा खरा फायदा असा की ती धुता येते : कुंडीत मावते त्याच्या दुप्पट चांगले पाणी सावकाश ओतून तळाच्या छिद्रातून वाहू दिले की बराच क्षार निघून जातो. ज्यांच्याकडे अधूनमधून तरी गोडे पाणी आहे त्यांनी कुंडी घ्यावी. बाकीच्यांनी जमिनीतच गादीवाफा करावा.

दुकानात अशा वेळी जिप्सम सुचवले जाते. माती चोपण असेल, म्हणजे तिच्यात सोडियम जास्त असेल, तर जिप्समचा उपयोग होतो. माती नुसती चुनखडीची असेल, तर त्याने काही साधत नाही. कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर फसफस झाली, तर तिच्यात चुना आहे असे समजावे. तेथे लोहाची लक्षणे दिसल्यास जमिनीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकण्यापेक्षा लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी फवारावे. पानांवर डाग पडू शकतात, म्हणून आधी दोन-चार रोपांवरच पाहावे.

भाजी बदलण्याचा पर्याय लोकांना हार मानल्यासारखा वाटतो. मला तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा वाटतो. मेथी, कोथिंबीर, शेपू या थंडीच्या भाज्या आहेत. दिवाळीपासून जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्यापर्यंत (यात्रेपर्यंत) त्या आपल्याकडे उत्तम येतात. पारा चाळिशीच्या पुढे गेला की कोथिंबीर पानांऐवजी दांडा धरते, फुलावर येते, आणि मग कोणतेही खत तिला परत पानांवर आणत नाही. शेडनेटने सावली करून काही दिवस निभावता येतात, पण तेवढाच खर्च आणि श्रम घेऊन एप्रिल-मेमध्ये लाल माठ, तांदुळजा, राजगिरा किंवा अंबाडी लावली, तर ताटात भाजी नक्की येते. माठ आणि राजगिरा हे ज्वारी-उसाप्रमाणे कडक उन्हाचा चांगला उपयोग करून घेतात. क्षाराच्या बाबतीत पालक सोशिक आहे, कारण आपला नेहमीचा पालक बिटाच्या कुळातला आहे. एकाच वाफ्यात पालक बरा आणि शेजारची कोथिंबीर मात्र खुरटलेली दिसली, तर आधी पाण्यातील क्षार तपासावेत.

दाटी हे कारणही यात धरले पाहिजे, परंतु त्यावर फार लिहिण्याची गरज नाही : मूठभर बी फोकले असेल तर विरळणी करावी आणि काढलेली रोपे त्याच दिवशी भाजीत घालावीत.

पाने, मुळे आणि पाणी तपासूनही निर्णय होत नसेल, तर मातीचे परीक्षण करून घ्यावे. वाफ्यातील चार-पाच ठिकाणांहून वीतभर खोलीची माती घेऊन एकत्र करावी, सावलीत वाळवावी आणि त्यातील अर्धा किलो स्वच्छ कापडी पिशवीत भरून द्यावी; खताच्या रिकाम्या पिशवीत ती कधीही भरू नये. अहवालात नत्र, स्फुरद, पालाश यांच्याबरोबर सामू, विद्युत वाहकता (म्हणजे क्षारांचे माप) आणि मुक्त चुना हे तीन आकडे आवर्जून मागावेत आणि आधी तेच वाचावेत.