स्टिल ०७० : जुनं धूड पुन्हा उभं करून फणस चिरला, त्याचा अनुभव

कोकणात लाकडाच्या कामाशी संबंध असलेल्या माणसाला स्टिल ०७० या पेट्रोलवर चालणाऱ्या चेन-करवतीची (कटरची) ओळख करून द्यायला नको. १०६ सीसीचं इंजिन, बार (चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी) आणि चेन न लावताच साडेदहा किलोच्या आसपास वजन, करवत उसळली तर चेन थांबवणारा चेन ब्रेक नाही. स्टिलच्याच १९५९ च्या ‘काँट्रा’ करवतीच्या घराण्यातलं हे यंत्र. आजच्या कटरच्या मानाने फेरे बरेच कमी, पण ओंडक्यात रुतल्यावरही दम सोडत नाही. फळ्या चिरायला नेमकं हेच लागतं. आमचा फणस व्हाळाच्या काठावर आडवा झाला होता. तिथे ट्रॅक्टर उतरत नाही, म्हणून खोड गिरणीत न नेता जागेवरच चिरायचं ठरवलं आणि माळ्यावर पडून असलेलं ०७० खाली काढलं. दिवाळीनंतर कामाला सुरुवात केली ती मिरगाच्या तोंडापर्यंत.

जुनं ०७० दुरुस्त करताना बहुतेक जण पिस्टन-रिंगवर पैसे घालतात. माझं ठाम मत आहे की आधी क्रँकची दोन्ही तेलसीलं बघावीत. सील सुकलं की तिथून हवा आत ओढली जाते, पेट्रोल-ऑइल कमी पडतं आणि नवाकोरा पिस्टनही चिकटतो. तपासणी सोपी आहे. सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढून दोन्ही तोंडं रबराने बंद करायची, आत हलकासा दाब द्यायचा आणि सीलांवर साबणाचं पाणी सोडायचं. फ्लायव्हीलच्या बाजूला बारीक बुडबुड्यांची माळ उठली आणि दुखणं कळलं. दोन्ही सीलं, गॅस्केटं, पेट्रोलची नळी, कार्बोरेटरचा पडदा, ठिणगी देणारे सीबी पॉइंट आणि कंडेन्सर एवढं बदललं. सिलिंडरला आतून क्रोमचा थर असतो, त्यामुळे बोरिंग करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. या मॉडेलच्या नकला बाजारात खूप असल्याने सुटे भाग स्वस्तात मिळतात. बाहेरचे भाग त्यातले चालतात, पण सील आणि बेअरिंग चांगल्या दर्जाचंच घ्या.

यंत्रापेक्षाही जास्त फरक पडतो तो चेनने. साधी चेन आडव्या कापासाठी ३० अंशांच्या आसपास घासलेली असते. चिरताना दात लाकडाच्या रेषांच्या टोकांवर चालतात, तिथे १० अंश ठेवले की फळी गुळगुळीत निघते. .४०४ मापाच्या (इंचातलं कड्यांचं अंतर) चेनला साडेपाच मिलिमीटरची गोल कानस लागते. टाकी भरायला थांबलात की कानस मारूनच घ्या, चेन बोथट वाटायची वाट बघू नका. भुशात बारीक कपच्या दिसल्या तर धार आहे, पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली.

फळी सारख्या जाडीची निघावी म्हणून करवतीला फ्रेम लावली, ती अलास्कन पद्धतीची, बारला आवळून बसणारी. बार ३६ इंची असला तरी फ्रेममध्ये कामाची रुंदी ३० इंचांच्या आसपासच उरते. पहिला काप सरळ गेला तरच पुढचे सरळ जातात. त्यासाठी खिडक्यांच्या कामाचे अ‍ॅल्युमिनियमचे दोन चौकोनी पाइप खोडावर पातळीत बसवले. खोड किंचित उतारावर ठेवून वरून खाली कापत आलं की फ्रेम आपल्या वजनानेच पुढे सरकते, रेटावं लागत नाही. मागे पाचरी मारत जायचं, नाहीतर फळी बसते आणि बार अडकतो. इंजिन सतत पूर्ण जोरावर चालतं, म्हणून कार्बोरेटरचं मिश्रण थोडं श्रीमंत (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) ठेवा आणि काप संपल्यावर लगेच बंद न करता मिनिटभर मंद चालू द्या. बारच्या टोकाला तेलाची वेगळी बाटली लावली, त्याने चेन तापणं खूप कमी झालं.

आणि फणसाचा गाभा! पहिली फळी उचलली तेव्हा आत हळदीसारखा पिवळाधमक रंग होता. उन्हा-वाऱ्याने तो हळूहळू तांबूस तपकिरी होत जातो. टोकांना रंग फासून, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून फळ्या पडवीत रचल्या आहेत. आंब्याचंही एक खोड चिरलं. ते मात्र पडल्यावर फार दिवस ठेवू नये, भुंगेरा लागतो.

नुकसानीची बाजूही सांगतो. या चेनचा काप सुमारे ९ मिलिमीटरचा. एक इंची फळ्या काढल्या तर दर तीन फळ्यांमागे एका फळीचं लाकूड भुशात जातं. त्यामुळे दोन-अडीच इंची जाड फळ्याच काढा, पातळ काम सुताराच्या बँडसॉवर करून घ्या. आवाज आणि हादरे जबरदस्त आहेत. कानाला मफ हवेतच, आणि हाताला मुंग्या आल्या की थांबा. चेन ब्रेक नसल्यामुळे फ्रेमबाहेर फांद्या तोडायला मी हे यंत्र वापरत नाही, त्यासाठी लहान कटर आहे. खोड रस्त्याला लागून असेल तर सरळ गिरणीत न्या, तिथे लाकूडही कमी वाया जातं. आणि महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत फणस आणि आंबा दोन्ही आहेत. झाड आपोआप पडलेलं असलं तरी चेन लावण्याआधी वनखात्याकडून कागद हातात घ्या.