फेज म्हणून प्रतिजैविक विकलं : बाटली घेण्याआधी हे वाचा

फेज, म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणून मला विकलेल्या बाटलीत एकही फेज नव्हता. निघालं ते स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे प्रतिजैविक. टोमॅटोवरचे जिवाणूजन्य ठिपके ताम्रयुक्त औषधांना दाद देईनासे झाले की आपण पर्याय शोधू लागतो. नेमकं तेच हेरून हा माल खपवला जातोय.

फेज ही थाप नाही, हे आधीच सांगतो. जिवाणूत शिरून, तिथेच वाढून त्याला फोडणारे हे विषाणू फ्रेडरिक ट्वॉर्टने १९१५ मध्ये आणि फेलिक्स द'हेरेलने १९१७ मध्ये शोधले. टोमॅटो-मिरचीवरच्या जिवाणूजन्य ठिपक्यांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००५ मध्ये एका फेज-उत्पादनाची नोंदणीही केली. म्हणून तर जास्त चीड येते. खऱ्या संशोधनाच्या पुण्याईवर हे लोक पोट भरतात आणि उद्या खरा फेज घेऊन येणाऱ्यालाही शेतकरी दारात उभं करणार नाही.

विक्रेत्याने एक पेट्री डिश, म्हणजे जिवाणू वाढवायची उथळ बशी, दाखवली. जिवाणूंच्या दुधाळ थरात मधोमध स्वच्छ, गोल, पारदर्शक वर्तुळ. "बघा, फेजने जिवाणू खाल्ले!" करपा, मर, व्हायरस, सगळ्यांवर हीच बाटली चालेल, ताम्रयुक्त औषधात मिसळा, दिवसा कधीही मारा, कुठेही ठेवा, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. यातलं एकही वाक्य खऱ्या फेजला लागू पडत नाही. फेज कमालीचा चोखंदळ असतो; बहुतेकदा एकाच प्रजातीच्या काही वाणांपुरताच चालतो. बुरशीवर आणि झाडाच्या विषाणूजन्य रोगांवर त्याचा उपयोग शून्य. पानावर पडलेले फेज उन्हातल्या अतिनील किरणांनी काही तासांतच नष्ट होऊ लागतात, म्हणून फवारणी संध्याकाळी किंवा पहाटे करतात. ताम्रामुळेही ते निकामी होतात.

फवारण्या होत राहिल्या आणि ठिपके खालच्या पानांवरून थेट फळांवर आले. शेवटी सीलबंद बाटली आणि रोगट पानं दोन्ही प्रयोगशाळेत दिली.

तिथली तपासणी प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे, कारण डिशमधल्या वर्तुळाचं बिंग तिथेच फुटलं. द्रावण टप्प्याटप्प्याने दहापट विरळ करत जायचं आणि प्रत्येक टप्प्याचा थेंब जिवाणूंच्या थरावर सोडायचा. फेज असतील तर पुरेशा विरळ थेंबात अखंड वर्तुळाऐवजी सुटी सुटी छिद्रं दिसतात. एकेक छिद्र म्हणजे एकेका फेजपासून वाढलेलं कुटुंब. ती मोजूनच मिलिलिटरमागे किती फेज आहेत ते ठरतं. माझ्या बाटलीचं वर्तुळ मात्र विरळ करताना नुसतं फिकट होत गेलं आणि नाहीसं झालं. सुटं छिद्र एकही नाही. वर्तुळातला थोडा भाग उचलून ताज्या जिवाणूंवर ठेवला, तिथेही एकही छिद्र पडलं नाही. फेज वाढतो, रसायन वाढत नाही. आणि हे वर्तुळसुद्धा फक्त प्रयोगशाळेतल्या नाजूक वाणावर उमटलं. माझ्या पानांवरच्या जिवाणूला बाटलीने ओरखडाही काढला नाही. तो स्ट्रेप्टोमायसिनला आधीच सरावलेला निघाला. बाटलीत नेमकं काय आहे, हे पुढच्या रासायनिक चाचणीने सांगितलं.

पीक गेलं त्याहून मला हे जास्त लागलं : प्रतिजैविक वापरलेलं नाही, असं मी खरेदीदाराला विश्वासाने सांगितलं होतं. खाण्याच्या पिकावर मला न सांगता ते माझ्याच हातून मारवलं गेलं.

तेव्हा कोणी फेज विकायला आलं तर कोणत्या जिवाणूवर चालतो ते नावानिशी विचारा. मिलिलिटरमागे किती फेज, कोणत्या तारखेला मोजले, किती तापमानात साठवायचे, हे लेबलवर हवंच. "तुमच्या शेतातल्या जिवाणूवर आधी तपासून देतो" असं जो स्वतःहून म्हणतो, त्याच्याशीच पुढचं बोला. डिश दाखवली तर विरळ केलेल्या थेंबांची डिश मागा. नुसत्या वर्तुळावर जाऊ नका. आणि रोग जिवाणूचाच आहे याची खात्री त्याच्याकडून नव्हे, दुसऱ्याकडून करून घ्या.

विकत घेतलंच असेल तर एक बाटली न उघडता थंड जागी ठेवा. पावती, लेबल, बॅच क्रमांक जपा. माझी तक्रार दाखल करून घेतली गेली ती त्या सीलबंद बाटलीमुळेच. वापरलेल्या बाटलीत "तुम्हीच काहीतरी मिसळलं" म्हणायला विक्रेता मोकळा होता आणि त्याने तसं म्हटलंही.