मदरबोर्ड बदलल्याचे पैसे घेतले, बोर्ड जुनाच

चोपड्याला आमच्या नानांचा केळीचा व्यवहार आहे. शेतकऱ्यांची देणी, मजुरांची उचल, ट्रकभाडं, सगळं घरच्या कॉम्प्युटरवर. एप्रिलच्या उन्हात तो चालता चालता आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. मी पुण्यात, म्हणून नाना एकटेच तो जळगावातल्या एका दुकानात घेऊन गेले. "मना सगया हिशोब त्यामा शे, भाऊ," असं त्यांनी काकुळतीनं सांगितलं आणि दुकानदारानं नेमकं तेच धरलं. "काका, मदरबोर्ड गेला. आज बदलला नाही तर हार्ड डिस्कही जाईल." ६,८०० रुपये घेतले आणि साध्या चिठ्ठीवर 'बोर्ड चेंज' लिहून दिलं.

मला सगळ्यात जास्त चीड या भीती घालण्याची येते. बोर्ड बिघडला तरी हिशोब हार्ड डिस्कवरच असतो. डिस्क धड असेल तर ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की फाइली दिसतात.

घरी आणल्यावर पुन्हा तेच रडगाणं. मी गावी आलो तेव्हा कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरवरच्या हीटसिंकमध्ये (त्याला गार ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांमध्ये) धुळीचा जाड, जुना थर तसाच होता. बोर्ड बदलायचा तर हीटसिंक आणि प्रोसेसर काढावाच लागतो, बसवताना दोघांच्या मध्ये नवी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) लावावी लागते. इथे कुणी हातही लावलेला नव्हता. बोर्डाचा मूळ खोका माळ्यावर सापडला, त्यावरचा सिरीयल नंबर आतल्या स्टिकरशी तंतोतंत जुळला. मग टास्क मॅनेजर बघितला, तर रॅम ८ जीबीऐवजी ४ जीबी. दोन पट्ट्यांपैकी एक काढून घेतलेली!

खरा बिघाड वेगळाच होता. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे बिघाडांच्या नोंदवहीत, प्रत्येक रीस्टार्टच्या वेळी 'कर्नल-पॉवर ४१' (मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं) अशी नोंद होती आणि बगचेक कोड, म्हणजे विंडोजनं नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, शून्य. ब्लू स्क्रीन येऊन मशीन पडलं असेल तर तिथे सहसा कोड दिसतो. शून्य असेल तर आधी विजेकडे बघायचं. भुसावळच्या मित्रानं स्वतःचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) जोडून दिला, तर मशीन भर दुपारीही न अडखळता चाललं. आमच्या जुन्या एसएमपीएसची १२ व्होल्टची लाइन भार आला की ११.४ च्या खाली उतरत होती. त्यानं तो उघडला, आत कपॅसिटर फुगलेले. (एसएमपीएस घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.) खान्देशात ४४-४५ अंशांचा उन्हाळा, त्यात लाइटची ये-जा आणि कमी-जास्त व्होल्टेज, त्यामुळे एसएमपीएस इथे लवकर थकतो. नवा एसएमपीएस पक्क्या बिलासह दोन हजारांच्या आत आला.

दुकानदाराला विचारलं, जुना बोर्ड कुठे आहे? "स्क्रॅपमध्ये गेला." सिरीयल नंबरचे फोटो पुढे केल्यावर "कारागिराची चूक झाली असेल" म्हणाला आणि रॅमची पट्टी ड्रॉवरमधून काढून दिली. पैसे मात्र दिले नाहीत.

म्हणून कळकळीनं सांगतो, मशीन दुकानात देण्याआधी कॅबिनेट उघडून बोर्ड, रॅम, डिस्क यांच्या स्टिकरचे फोटो काढा. बदललेला जुना भाग तिथेच हातात मागा, "स्क्रॅपमध्ये टाकला" हे ऐकून घेऊ नका. बिलावर जीएसटी क्रमांक आणि नव्या भागाचा सिरीयल नंबर लिहून घ्या. आई-वडील एकटे जाणार असतील तर खर्चाला हो म्हणण्याआधी दुकानातूनच तुम्हाला फोन लावायला सांगा.

नानांनी पैसे यूपीआयनं दिले होते, त्यामुळे साध्या चिठ्ठीच्या जोडीला बँकेची नोंद तरी आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे सुटलं नाही तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.