आर्वीत ताजी फुलं मागवायची तर: दहा महिन्यांच्या वापरानंतर

आर्वीसारख्या तालुक्याच्या गावात ताजी फुलं घरी यायचे तीन रस्ते आहेत: मोबाईलवरून बुके पाठवणाऱ्या साइट, नागपूरच्या ठोक बाजारातला व्यापारी, आणि गावातच रोजची पुडी टाकणारा माळी. श्रावणापासून वैशाखापर्यंत तिन्ही वापरून झाले. साइटचा रस्ता जवळपास बाद. नागपूरचा माल सणाला आणि लग्नाला एक नंबर, पण बसगाडीचं वेळापत्रक आणि फुलाचा स्वभाव कळला तरच. रोजच्या देवपूजेला माळ्याला तोड नाही.

साइटचं आधी उरकतो. पिनकोड टाकला की हिरव्या अक्षरात ‘डिलिव्हरी उपलब्ध’ येतं, त्यावर भुलू नका. या साइटकडे स्वतःची फुलं नसतात. ऑर्डर जवळच्या शहरातल्या फुलवाल्याकडे सरकवली जाते, आणि आर्वीच्या जवळचं शहर म्हणजे वर्धा नाहीतर अमरावती. सहाशे रुपयांच्या बुकेसाठी पन्नास-साठ किलोमीटर माणूस धाडणं कोणालाच परवडत नाही. मग ऑर्डर आदल्या रात्री रद्द होते, नाहीतर दुसऱ्या दिवशी येते, नाहीतर फोटोतल्या लिलीच्या जागी जरबेरा आणि हिरवा पाला येतो. ‘उपलब्धतेनुसार फुलं बदलू शकतात’ ही ओळ अगदी खाली बारीक अक्षरात असते, ती आधी वाचा. फोटोवर जाऊ नका, काड्यांची संख्या बघा. सहा ऑर्डरींपैकी दोन वेळेवर आल्या, रद्द झालेल्यांचे पैसे साइटच्याच वॉलेटमध्ये पडून राहिले. परगावच्या मुलाला इथल्या आईच्या वाढदिवसाला फुलं पाठवायची असतील तर गावातल्या हारवाल्याला फोन करून पैसे टाकलेले बरे.

नागपूरचं मात्र सविस्तर सांगण्यासारखं आहे. बर्डीवरच्या (सीताबर्डीतल्या) नेताजी फूल मार्केटात माल पहाटे उतरतो आणि उजाडायच्या आत चांगला माल हलतो. म्हणून आपला मेसेज व्यापाऱ्याकडे रात्री ९ च्या आत पोचला पाहिजे. सकाळी ७ ला फोन केला तर ‘हो, पाठवतो’ असंच उत्तर येतं, पण मग चुंगडीत, म्हणजे पोत्यात, भरला जातो तो कालचा उरलेला, पाणी मारून तरतरीत केलेला माल. हे आम्हाला तिसऱ्या ऑर्डरीला कळलं.

मेसेजमध्ये ‘५ किलो झेंडू’ एवढंच लिहू नका. ‘कलकत्ता गेंदा नारंगी ५ किलो, पिवळा २ किलो, पांढरी शेवंती २ किलो, सगळं सुटं, पाणी न मारता, चुंगडीत, ७ ची गाडी, तळेगावला उतरवणे’ असं लिहा. बाजारात झेंडूला गेंदा आणि निशिगंधाला रजनीगंधा म्हणतात, तेच शब्द वापरले की घोळ होत नाही. कलकत्ता जातीची पाकळी घट्ट, हादऱ्यांनी झडत नाही. मोठा, विरळ पाकळीचा झेंडू दिसतो देखणा, पण पोचेपर्यंत अर्धा चुरा.

गाडीचा हिशोब असा. आर्वीला थेट येणारी गाडी सोयीची वेळ साधत असेल तर उत्तम. नसेल तर नागपूर-अमरावती रस्त्यावरची कोणतीही गाडी तळेगावला माल उतरवते, आणि तिथून आर्वी बारा-पंधरा किलोमीटर. पण तळेगावला घ्यायला माणूस उभा पाहिजे. पानटपरीवर ठेवायला सांगितलेली चुंगडी तासाभर उन्हात पडते आणि त्या एका तासात जे नुकसान होतं ते आधीच्या अडीच तासांत होत नाही. पार्सलच्या खिडकीवर पावती फाडून घ्या. वाहकाच्या हातात तशीच दिलेली पिशवी स्वस्त पडते, पण हरवली किंवा पुढच्या गावाला गेली तर कोणाला विचारणार? नाव, गाव, मोबाईल नंबर कागदावर लिहून चिकटवू नका, ओलाव्याने शाई पसरते. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बॉलपेनने लिहून सुतळीने दोन ठिकाणी बांधायला सांगा.

व्यापारी ५ किलोच्या खाली सहसा पाठवत नाही, आणि हमाली, पॅकिंग, भाडं ५ किलोला जेवढं तेवढंच जवळपास १५ किलोला. त्यामुळे चार-पाच घरांनी मिळून मागवावं. पैसे अर्धे आधी, अर्धे चुंगडी उघडल्यावर, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. चांगल्या व्यापाऱ्याला यात काही वाटत नाही.

आता चुंगडी उघडणं. पहिलं काम म्हणजे मध्यात कोपरापर्यंत हात घालायचा. फूल तोडल्यावरही श्वास घेत असतं, त्यातून उष्णता निघते, आणि दाबून भरलेल्या मालाच्या पोटात ती कोंडते. हाताला गरम लागलं तर एक मिनिट न घालवता सगळी फुलं सावलीत सुती चादरीवर एका थरात पसरा, पंखा हळू ठेवा. मग मधलंच एक फूल मुठीत दाबून बघा. तळहात ओला झाला तर पाणी मारलेला माल आहे. असा ५ किलो माल अर्धा तास वाळवून तोलला तर सव्वाचारच्या आसपास भरतो, म्हणजे पाऊण किलो पाण्याचे पैसे गेले. पैशापेक्षा वाईट म्हणजे ओल्या झेंडूचा देठाकडचा भाग आधी काळा पडतो. वरून फूल ठणठणीत दिसतं आणि ओवताना सुई घातली की हातात पाकळ्यांचा ढीग. प्लास्टिकच्या पिशवीत आलेला झेंडू तर बघायचंच नाही. पाच किलोत तीन-चारशे ग्रॅम टाकावं लागलं तर माल चांगला समजा. किलोच्या वर गेलं तर चादरीवर पसरलेल्याचा आणि काट्यावरच्या वजनाचा फोटो लगेच पाठवा. दुपारनंतरच्या तक्रारीला कोणी भीक घालत नाही.

किती मागवायचं याचा अंदाज: मध्यम कलकत्ता गेंदा किलोत साधारण शंभर-सव्वाशे बसतो, दाट ओवला तर सात-आठ फुटांची माळ होते. मधे आंब्याची पानं घेतली तर तीच बारा फुटांवर जाते. तयार हार मागवू नका. वजनाने खालचा हार चेंगरतो आणि ओला दोरा फुलांना कुजवतो. सुटी फुलं आणून इथे ओवून घ्यायची.

आणि एक उलटी गंगा टाळा. दसरा-दिवाळीला झेंडू नागपूरहून मागवण्यात काही अर्थ नाही. त्या दिवसांत आजूबाजूच्या गावांतले शेतकरी धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा झेंडू सकाळी तोडून थेट चौकात आणून बसतात. त्याच्यापेक्षा ताजा कुठून येणार? नागपूरहून तेव्हा फक्त शेवंती, रजनीगंधा आणि लक्ष्मीपूजनाचं कमळ मागवा. कमळाची कळी तोडल्यावर बहुधा आपोआप उमलत नाही. बाहेरच्या पाकळ्या एकेक करून हलक्या हाताने मागे दुमडायच्या, त्याही पूजेच्या अर्धा तास आधीच, कारण उघडलेलं कमळ लवकर माना टाकतं.

महालक्ष्म्यांना तीन दिवस फुलं लागतात, पण तिन्ही दिवसांची एकदम मागवली तर चालतं ते शेवंतीलाच. ज्येष्ठा-कनिष्ठेच्या वेण्या शेवंतीच्या घातल्या तर विसर्जनापर्यंत टिकतात. गजरे मात्र पूजनाच्या दिवशीचेच. मोगरा हे मुळात उन्हाळ्याचं फूल. थंडीत मोगरा सांगितला तर काकडा येतो, दिसायला पांढरा, वास नावापुरता. हंगामातसुद्धा कळ्या मागवा, उमललेली फुलं नको. पहाटे तोडलेली कळी ओल्या मलमलीत गुंडाळून दुपारपर्यंत पोचली की संध्याकाळी उमलते. कळ्यांवर थेट पाणी शिंपडलं की तपकिरी डाग पडतात, ओलं ठेवायचं ते फडकं.

डच गुलाब वीस काड्यांच्या जुडीत येतो, जरबेरा दहाच्या. गुलाबाची मान वाकलेली दिसली तर तो वाया गेला असं समजू नका. बहुतेक वेळा देठात हवा अडकलेली असते. जुडी वर्तमानपत्रात सरळ, घट्ट गुंडाळायची, देठ पाण्याच्या बादलीत बुडवून पाण्यातच दोन इंच तिरपा कापायचा आणि गळ्यापर्यंतच्या पाण्यात दोन तास अंधारात ठेवायचं. दहातल्या सात-आठ माना परत ताठ होतात. जरबेराला असं खोल पाणी दिलं तर लवदार देठ कुजतो, त्याला दोन-तीन इंचच पुरे. साखर घालायची तर सोबत लिंबाचा रस हवाच, एका लिटरला एकेक चमचा. नुसत्या साखरेने पाण्यात जंतू माजतात आणि देठाची तोंडं बंद होतात.

पाण्याबद्दल आपल्या भागात एक गोष्ट लक्षात घ्या. यवतमाळ, चंद्रपूरकडे बऱ्याच गावांच्या बोअरला फ्लोराइड आहे, आणि जरबेरा व ग्लॅडिओलसला ते सोसत नाही, पाकळ्यांच्या कडा करपतात. या दोन फुलांना कॅनचं आरओचं पाणी घाला. झेंडू-शेवंतीला पाणी कुठलंही चालतं.

उन्हाळा ही खरी परीक्षा. चैत्र-वैशाखात पारा ४४-४५ वर जातो आणि नेमकी तेव्हाच लग्नं. वरमाला थर्माकोलच्या खोक्यात, तळाशी बर्फ झालेल्या लिटरच्या दोन बाटल्या वर्तमानपत्राच्या चार घड्यांत, त्यावर पुठ्ठा, मग केळीचं पान आणि त्यावर माळा. बाटली पाकळीला टेकली की तिथे पाणी भरल्यासारखा काळा डाग येतो. इंजिन मागे असलेल्या गाडीत मागची डिकी तव्यासारखी तापते, खोकं पुढच्या बाजूला ठेवायला सांगा. आणि शेजारी आंब्याच्या पेट्या नकोत. पिकत्या फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने कार्नेशन मिटतं, गुलाब वेळेआधी झडतो. आम्ही पहिल्यांदा दोष पॅकिंगला दिला होता, डिकीत काय काय होतं ते नंतर कळलं. घरच्या फ्रीजलाही हाच नियम: केळी, आंबे असतील त्या कप्प्यात फुलं नकोत.

घरी आल्यावर सगळे फुलं कूलरसमोर मांडतात. ते चूक. थेट झोताने पाकळी सुकते. कूलरच्या बाजूला, खाली जमिनीवर, ओलं फडकं टाकलेल्या टोपल्यात ठेवा. माठाच्या तिवईखाली ठिबकणारी ओलसर जागा त्याहून चांगली, तिथे शेवंती वैशाखातही तीन दिवस राहिली.

उरला रोजच्या पुडीचा माळी. महिन्याचे ३०० रुपये, सकाळी साडेसहाच्या आत दाराच्या कडीला पुडी: पाच-सात झेंडू, दोन जास्वंदी, थोडी दुर्वा, श्रावणी सोमवारी बेल. पळसाच्या पानात बांधलेली पुडी मागा. पॉलिथीनमधल्या फुलांना तासाभरात घाम सुटतो, पानातली दुपारपर्यंत कोरडी राहतात. जास्वंद कळी असतानाच घ्यावी, ती एका दिवसाचीच. खाडे महिन्याला तीन-चार होतात, बहुतेक जोराच्या पावसात, ते कॅलेंडरवर खूण करून कापून घ्या, तोही कुरकुर करत नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी जास्तीची फुलं हवी असतील तर मंगळवारीच सांगा, बुधवारी रात्री सांगितलं तर त्याच्या वाफ्यात असतील तेवढीच मिळतात.

थर्माकोलचे खोके व्यापारी परत घेतो, प्रत्येकी ४० रुपये आपल्या बिलातून कमी करतो. आतून पुसून, दिवसभर उन्हात उपडे ठेवून मगच पाठवा. ओला बंद केलेला खोका दोन दिवसांत बुरशी धरतो आणि पुढच्या वेळी तोच आपल्या मालासकट परत येतो. झाकणावर आतून एक खूण करून बघा, दोनदा आलाच आमच्याकडे.